अप्पांच्या स्टेअरिंगचा जोर

लातूर, ४ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेश,

आशीर्वाद. तू मागितले नसलेस तरी मोठ्या बहिणीचे असतातच.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. घरच्या ग्रुपमधून तू बाहेर पडलास, आणि फोनवर मी पहिल्या मिनिटाला ओरडते नि दुसऱ्या मिनिटाला तू ठेवतोस. म्हणून कागद. तुला बोलवायला लिहीत नाहीये, तेव्हा निवांत वाच. मला एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. अप्पांच्या जीपचं स्टेअरिंग हाताला कसं लागायचं?

कारण सांगते. अप्पांना काचबिंदू आहे. गेल्या वर्षीच निघाला, पण नांदेडला तुला कळवायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती. आज मी ती मोडली. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टिकेल तेवढी टिकेल. या दुखण्यात कडेचं दिसणं आधी जातं. त्या दिवशी आष्टा मोडच्या वळणावर जीप सोयाबीनच्या रानात गेली, अव्वाचा हात मोडला, आणि आपण सगळे म्हणत बसलो की म्हातारा हट्टानं चालवतो. डावीकडून आलेली मोटरसायकल त्यांना दिसलीच नव्हती रे.

जीप गेल्यापासून ते पुढच्या खोलीत नुसते बसून असतात. ऑटोत बसवलं की उजवा पाय ब्रेक दाबत राहतो. ऑटोवाल्यालाही आता सवय झाली आहे, तो म्हणतो, काका, तुम्ही दाबा, मी बी दाबतो.

मी ज्या क्लासचे कॉम्प्युटर सांभाळते, त्याच्या खालच्या गल्लीत सोमेश नावाच्या माणसाचं गेम पार्लर होतं. क्लासची पोरं गुपचूप येऊन बसायची. आता ते बंद झालं आणि सोमेशनं सामान विकायला काढलं. त्यात शर्यतीच्या खेळाचं एक स्टेअरिंग होतं, खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं. त्याच्या पोटात मोटर असते. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की ती मोटर आपल्या हाताला तसाच धक्का देते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. मी पाच मिनिटं ते धरलं आणि मला अप्पाच आठवले. घेऊन आले. तुझ्या दाजींनी लोखंडी स्टँड करून आणला आणि पुढच्या खोलीत टीव्हीसमोर सगळं मांडलं.

अप्पा आधी म्हणाले, पोरांचा खेळ आहे. मग अव्वा आत गेली असं बघून बसले. पडद्यावर कुठल्या तरी परदेशातला जंगलातला कच्चा रस्ता होता. गाडी उभीच होती, त्यांनी स्टेअरिंग वळवून सोडलं आणि ते आपोआप सरळ झालं. त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की जणू मीच काही चोरलंय. म्हणाले, "उभ्या गाडीचं स्टेअरिंग आपून सरळ होत न्हाई, रुद्राणी. ही भुताटकी हाय." चालवायला लागले तर ते हातातून हिसडे मारत होतं. थोड्या वेळानं उठले. म्हणाले, "ही गाडी माझी न्हाई."

सोमेश म्हणतो, जोर, ढिलेपणा, जडपणा, सगळं बदलता येतं, फक्त गाडी कशी होती ते सांगा. आता मी काय सांगू? मी मोठी असून मागे पोत्यांत बसायची. पुढे मुलगा बसायचा. ते मला तेव्हाही आवडायचं नाही आणि आजही आवडत नाही, पण तुला ते स्टेअरिंग माहीत आहे आणि मला नाही. त्यांना दिसतंय तोवर एकदा आपली गाडी हातात आल्यासारखं वाटावं, एवढीच माझी इच्छा आहे.

तीन ओळी लिही. जास्त लिहिवत नसेल तर नको.

तुझी अक्का


लातूर, २३ नोव्हेंबर

चि. वीरेश,

तुझं कार्ड आलं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे तुझ्यामुळे कळलं. "ढिलं होतं. मधे दोन बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा, मग पकडायचं. वळणानंतर सोडलं की सावकाश यायचं. डॉक्टर कोणते?" शेवटचे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. डॉक्टर चांगले आहेत, आपल्या ओळखीतले आहेत, काळजी करू नकोस. किंवा कर, तुझी मर्जी.

तुझं कार्ड घेऊन सोमेशकडे गेले. आपोआप सरळ करणारी ती भुताटकी म्हणजे एक खोटी स्प्रिंग असते, ती त्यानं बंद केली. मग मी म्हटलं, आता मधोमध ढिलेपणा घाला. तो बघतच राहिला. म्हणाला, ताई, लोक हा ढिलेपणा काढायला माझ्याकडे येत होते, घालायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. घातला. अप्पांनी बसून स्टेअरिंग इकडेतिकडे हलवलं, दोन बोटं, आणि "हं" म्हणाले. त्यांचं "हं" तुला माहीत आहे. बारावीच्या निकालाला मला एवढंच मिळालं होतं.

आता रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आणि चहा झाला की बसतात. तक्रारी ढीगभर. ही गावं रिकामी कामून हायेत, माणसं कुठं गेली. बाभळी कशा न्हाईत. सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे हॉर्न नाही. वळणावर हॉर्न न देणारा माणूस त्यांच्या मते माणूसच नव्हे. शर्यतीच्या गाडीला हॉर्न कशाला असेल? शेवटी सोमेशनं एका बटणाला कसला तरी भोंगा जोडून दिला. आता मोकळ्या जंगलात अप्पा प्रत्येक वळणाला भोंगा देतात आणि अव्वा स्वयंपाकघरातून म्हणते, "आले वाटतं धर्माबादहून."

धर्माबाद म्हटलं आणि मला सगळं आठवलं. चाकूरचं आपलं दुकान, आणि मिरचीच्या हंगामात अप्पांची ती धर्माबादची फेरी. आपण दोघं शाळा बुडवून जायचो. पहाटेच्या थंडीत अहमदपूर, मग लोहा, नांदेडला गोदावरीचा पूल आला की अप्पा गाडी हळू करायचे आणि हात जोडायला सांगायचे. जाताना मी मागच्या सीटवर, येताना मिरच्यांच्या पोत्यांवर. सगळी जीप शिंकत यायची. अव्वानं भाकरीसोबत ठेचा दिलेला असायचा आणि येताना त्याला कुणी हात लावायचं नाही. वाटेत कुणी हात केला की अप्पा थांबायचे, आणि बसलेला माणूस दोन मैलांत डोळे पुसत उतरायचा. एवढ्या शिंका येऊनही पुढच्या वर्षी मीच आधी जीपमध्ये जाऊन बसायची. आता वाटतं, घरातलं तेवढं सुखाचं काही नंतर आलंच नाही.

असो. एक अडचण आहे. थोडा खराब रस्ता आला की ते डावा हात स्टेअरिंगवरून काढून घेतात. एकट्या उजव्या हाताला ती मोटर आवरत नाही, स्टेअरिंग निसटतं आणि गाडी झाडावर जाते. मी परवा ओरडले, अप्पा, दोन्ही हात. ते उठून गेले. डाव्या हातातली ताकद गेली असेल का? अव्वाला विचारायचं धाडस झालं नाही. डोळ्यांचं एक चाललंय तेवढं पुरे आहे.

तुझी अक्का


लातूर, १४ डिसेंबर

चि. वीरेश,

या वेळी कार्ड नाही, चक्क दोन पानं. वाचून मी आधी हसले, मग मला तुझा राग आला, मग स्वतःचा.

तू लिहिलंस ते पुन्हा उतरवते, कारण ते मला फार आवडलं: "अक्का, तू मागे होतीस म्हणून तुला दिसलं नसेल. खराब रस्ता आला की गळ्यातलं लिंग हेलकावे खाऊन स्टेअरिंगला लागायचं. म्हणून अप्पा डावा हात छातीवर लिंगावर धरायचे आणि एका हातानं चालवायचे. त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. तू स्टेअरिंगचा जोर कमी कर."

इतकी वर्षं मी त्या माणसाची मान बघत प्रवास केला आणि हात कधी बघितलाच नाही. अव्वाला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग काय लिंग हापटू द्यायचं?" म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. आणि खुर्चीत बसून खेळताना लिंग कशाला हलेल, पण हाताला कोण सांगणार. पडद्यावर खड्डा दिसला की हात आपला छातीकडे निघतो. त्या हाताला मी दुखणं ठरवून मोकळी झाले होते.

सोमेशकडे गेले. पार्लरमधली पोरं जोर पुरा ठेवायची, कमी ठेवणारा म्हणजे लेचापेचा. त्यामुळे तो आधी कुरकुरला. आम्ही जोर उतरवत उतरवत निम्म्याच्याही खाली आणला. मग त्यानं मला एक गोष्ट समजावली. जोर पुरा असला की मोटर सतत आपल्या ताकदीच्या टोकालाच असते. खडा आला तरी टोकाला, खड्डा आला तरी टोकाला, त्यामुळे हाताला दोन्ही सारखेच लागतात. जोर उतरवला की खडा वेगळा कळतो, वाळू वेगळी, चाकोरी वेगळी.

दुसऱ्या दिवशी अप्पा बसले. खराब रस्ता आला, डावा हात छातीवर गेला, मी काही बोलले नाही. स्टेअरिंग निसटलं नाही. ते बराच वेळ चालवत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आता रस्ता कळायलाय." त्यानंतर त्या परदेशातल्या जंगलात त्यांचं सुरू झालं, ही घरणी, हे चाकूर, चापोली गेली, आता शिरूर ताजबंदला चहा. मी बाजूला उभी राहून पडदा बघणं सोडून दिलं आणि त्यांचं तोंड बघत राहिले. कितीतरी दिवसांनी ते मला पूर्वीचे अप्पा दिसले. मग मी त्यांना सांगितलं की जोर कमी करायचं वीरेशनं कळवलं. त्यांनी गाडी थांबवली नाही. फक्त म्हणाले, "त्याच्या ध्यानात हाय व्हय?"

आता दुसरं. तुझ्या दुसऱ्या पानावर तू लिहिलंस की ते एक वाक्य तुझ्या डोक्यातून जात नाही. माझ्याही जात नाही. तू कितीतरी महिने किल्ली मागत होतास, अप्पा आता मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा. ते म्हणायचे, मी जित्ता हाव तवर ह्या गाडीचा ड्रायव्हर मीच. मग आष्टा मोड झालं. ते मामाच्या गावाला गेलेले बघून तू जीप विकून टाकलीस. परत आले, दारातली मोकळी जागा बघितली आणि चार माणसांत तुला म्हणाले, "गाडी विकलीस, आता बापाचं किती येतंय ते बी बघ." दुसऱ्या दिवशी तू नांदेडला. दोघं एकाच माळेचे मणी. तू विकली नसतीस तर ते पुन्हा बसले असते आणि पुन्हा कुणीतरी डावीकडून आलं असतं, हे मला कळतं. पण न विचारता विकलीस हेही मला कळतं. मी कुणाच्या बाजूनं बोलू ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुला बोलवायला लिहीत नाही. ते काही खरं नव्हतं. तुझं तोंड त्यांना दिसतंय तोवर ये, वीरेश. मग तुझा आवाज ऐकतील, डोक्यावरून हात फिरवतील, पण दिसणार नाहीस.

अक्का


लातूर, १८ जानेवारी २०२६

चि. वीरेश,

"मी समोर आलो की त्यांना जीपच आठवेल. राहू दे, अक्का." तुझी ही ओळ मिळाली. यावर मी काय लिहायचं? ते रोज सकाळी बसून जीपच आठवत असतात. तू आल्यानं त्यात कितीशी भर पडणार आहे?

संक्रांतीच्या आधी त्यांची नजर आणखी उतरली. थेंब बदलून दिले आहेत. डॉक्टर आता फार बोलत नाहीत. पडद्याजवळ खुर्ची ओढून घेतली, मग आणखी ओढली, तरी वळण उशिरा दिसायला लागलं. मी रंग भडक केले, मोठा टीव्ही आणू का विचारलं. नको म्हणाले.

काही दिवस त्यांनी हातावर चालवलं. तुला खरं वाटणार नाही, पण जमत होतं. कडेच्या मुरुमावर चाक गेलं की स्टेअरिंग वेगळं थरथरतं, ते कळलं की गाडी आत घ्यायची. पुन्हा दुसरी कड लागली की पुन्हा आत. असं चाचपत चाचपत ते जात राहायचे. मला आनंदही व्हायचा आणि बघवायचंही नाही. सरळ रस्ता असेपर्यंत ठीक होतं. एकामागून एक वळणं आली की गाडी झाडावर. ते मागे घ्यायचे, पुन्हा निघायचे, पुन्हा झाडावर. भोंगा द्यायचंही त्यांनी सोडून दिलं.

मंगळवारी तसंच झालं. त्यांनी गाडी मागे घेतली नाही. स्टेअरिंगवरून हात काढला, मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आता जमंना, रुद्राणी."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दुकान बुडायला आलं होतं तेव्हाही ते असं म्हणाले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. शेवटी अव्वानंच जाऊन टीव्ही बंद केला.

गेल्या महिन्यापासून तुझी पत्रं अव्वा त्यांना वाचून दाखवते, हे तुला सांगायचं राहिलं होतं. "राहू दे" ही ओळही तिनं वाचली. मी म्हटलं, तेवढी गाळायची होतीस. ती म्हणाली, "मला वाचताना गाळता येत न्हाई."

अक्का


लातूर, ८ फेब्रुवारी

वीरेश,

हे घाईत लिहितेय. दाजी कामासाठी नांदेडला निघाले आहेत, त्यांच्याच हाती देते.

मंगळवारच्या त्या दिवसानंतर अप्पांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. त्यावर अव्वा टॉवेल वाळत घालायला लागली. मला ते बघवेना, म्हणून आज सामान काढून सोमेशला परत द्यावं असं ठरवून सकाळीच अप्पांकडे गेले. पिशवी घेऊन आत शिरले तर अप्पा बसलेले. पूजा आटोपलेली, धुतलेला सदरा, टोपी. टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला. पण स्टेअरिंगसमोरची खुर्ची रिकामी होती. आतल्या खोलीतली एक खुर्ची ओढत आणून ती त्यांनी डाव्या अंगाला लावली होती आणि त्या खुर्चीवर ते बसले होते.

मला वाटलं, दिसलं नसेल, अंदाज चुकला असेल. मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, अप्पा, पलीकडं बसलात, या इकडं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"चुकून न्हाई बसलो. माझी जागा आता हीच."

मी विचारलं, मग मी चालवू का? खरं सांगते, मला ते हवं होतं. एकदा तरी पुढं बसून, अप्पा शेजारी. ते हसले. म्हणाले, "चालव की, तुला कोन नको म्हनलंय. पर आज न्हाई. आज ड्रायव्हर नांदेडहून यायलाय."

तू येतो असं कुठं लिहिलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे, अव्वानं एक ओळ गाळलेली नाही. तरी टीव्ही लावून ठेवला आहे, रस्ता समोर आहे, गाडी उभी आहे. जेवायला उठा म्हटलं तर म्हणाले, तो आल्यावर.

ते अजून बसलेले आहेत.

अक्का